बाळाच्या शीचा वास : काय सांगतो आणि काय सांगत नाही

घरात तान्हे बाळ असले की एरवी मोठ्यांच्या संभाषणात कधी न येणारा एक विषय सहज येऊन बसतो. बाळाला शी झाली का, किती वेळा झाली, कशी झाली आणि तिला वास कसा होता, याची चौकशी आजी करते, काकू करते, फोनवरून बाळाच्या आईची आईही करते. उल्हासनगर कॅम्प १ मध्ये, शहाड स्थानकाच्या बाजूच्या दाट वस्तीत, जिथे अनेक घरांत खाली दुकान आणि वर दोन-तीन खोल्यांत तीन पिढ्या नांदतात, तिथे बाळाचे दुपटे बदलले की अर्ध्या घराला ते कळते. ‘आज वास वेगळाच येतोय’ असे कोणी म्हटले की चर्चा सुरू होते. कोणी म्हणते दात येत आहेत, कोणी म्हणते आईच्या खाण्यात काही आले असेल, कोणी म्हणते दृष्ट लागली. या चर्चेतून पुढे जे घडते ते मात्र महत्त्वाचे असते. कधी बाळाचे दूधच बंद केले जाते, कधी औषधाच्या दुकानात नुसते विचारून बाटली आणली जाते, तर कधी खरोखर धोका असतानाही ‘वास तर काही नाही’ म्हणून मोलाचे दोन दिवस निघून जातात.

शीचा वास ही उपयुक्त खूण आहे, यात शंका नाही. पण ती एकटीच पुरेशी नाही. पुष्कळदा वास उग्र असतो आणि बाळ पूर्ण निरोगी असते. उलट काही गंभीर आजारांत वास जवळजवळ नसतोच. त्यामुळे वासाबरोबर रंग, घट्टपणा, किती वेळा झाली, लघवी किती होते आणि बाळाची एकूण तरतरी या पाच गोष्टी पाहिल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये.

पहिल्या दिवसापासून सहा महिन्यांपर्यंत

जन्मानंतरची पहिली शी काळसर हिरवी, डांबरासारखी चिकट असते आणि तिला जवळजवळ वास नसतो. याचे कारण सोपे आहे. वास निर्माण होतो तो आतड्यातील जिवाणूंमुळे, आणि गर्भातून आलेल्या बाळाच्या आतड्यात ते अद्याप वसलेले नसतात. ही काळी शी बहुतेक बाळांना पहिल्या २४ तासांत होते. तेवढ्या वेळात ती झाली नाही, तर प्रसूतिगृहातील डॉक्टरांच्या लक्षात आणून द्यावे.

आईचे दूध व्यवस्थित सुरू झाले की चार-पाच दिवसांत शी पिवळी होते. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी मोहरीच्या रंगाची, पातळ आणि बारीक कण असलेली असते. तिला ताकासारखा सौम्य आंबूस वास येतो. आईच्या दुधात काही विशिष्ट शर्करा असतात. बाळाला त्या पचत नाहीत, पण बायफिडो या जातीच्या उपकारक जिवाणूंचे त्या खाद्य असतात. हे जिवाणू त्यांपासून सौम्य आम्ले तयार करतात आणि त्या आंबटपणामुळे पुष्कळसे अपायकारक जंतू आतड्यात रुजत नाहीत. अशा वेळी तो आंबूस वास दोषाची नव्हे, तर पोट ठीक चालल्याची खूण असते.

अशा बाळाला प्रत्येक वेळी दूध प्यायल्यावर शी होणे हेही स्वाभाविक आहे. पोटात दूध गेले की आतडे हलते, एवढेच त्याचे कारण. उलट दीड महिन्यानंतर केवळ अंगावर पिणाऱ्या काही बाळांना चार-सहा दिवस शी होत नाही आणि मग एकदम भरपूर, मऊ शी होते. बाळ हसतेखेळते असेल, वजन वाढत असेल आणि पोट फुगलेले नसेल, तर याला बद्धकोष्ठ म्हणत नाहीत.

डब्याच्या दुधावर असलेल्या बाळाची शी अधिक घट्ट, फिकट तपकिरी आणि अधिक वासाची असते. त्याच्या आतड्यातील जिवाणूंची वस्ती निराळी असते, म्हणून वासही निराळा. अंगावरच्या दुधाबरोबर डब्याचे दूध सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांत वास बदलला, तर तो आजार समजू नये. गायीचे किंवा म्हशीचे वरचे दूध मात्र पहिल्या वाढदिवसापर्यंत मुख्य आहार म्हणून देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात.

या सहा महिन्यांत बाळाला पाणीही लागत नाही. आईच्या दुधात पुरेसे पाणी असते. तरीही अनेक घरांत गुटी उगाळून दिली जाते. सहाण, पाणी आणि उगाळणारे बोट यांपैकी कशातूनही जंतू बाळाच्या पोटात जाऊ शकतात. गुटीनंतर शीचा वास बदलला, की त्याचा दोष आईच्या दुधाला दिला जातो आणि गुटी तशीच चालू राहते. मधाबाबत तर अधिक सावध राहावे. जैन आहारात मध वर्ज्यच आहे, परंतु शेजारपाजारच्या प्रेमळ आग्रहाने बाळाच्या जिभेवर बोट लावले जाते. वर्षाच्या आतील बाळाला मधातील एका जिवाणूमुळे स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो, आणि अचानक आलेले बद्धकोष्ठ हे त्याचे पहिले लक्षण असू शकते.

अन्न सुरू झाल्यावर

सहा महिने पूर्ण झाल्यावर मऊ भात, मुगाचे वरण, खिचडी, नाचणीचे सत्त्व, केळे असे पदार्थ सुरू होतात. त्याच आठवड्यात शीचा वास बदलतो आणि घर दचकते. पूर्वीचा ताकासारखा वास जाऊन मोठ्यांच्या शीसारखा उग्र वास येऊ लागतो. अन्नातील प्रथिनांचे न पचलेले अंश मोठ्या आतड्यात पोहोचले की तेथील जिवाणू त्यांचे विघटन करतात. त्यातून गंधकयुक्त वायू आणि इतर उग्र वासाची द्रव्ये तयार होतात. डाळ वाढवली, पनीर दिले, की वास वाढणारच. या वयाला तो अपेक्षितच असतो.

कंदमुळे न खाणाऱ्या घरांत बटाटा आणि गाजर यांऐवजी लाल भोपळा, दुधी, कच्चे केळे आणि मटार यांवर भर असतो. लाल भोपळ्याने शी केशरी दिसते, पालकाने हिरवी, आणि मटाराची सालपटे तशीच बाहेर पडतात. लहान मुले नीट चावत नाहीत, म्हणून असे होते. सहा महिन्यांनंतर आरोग्य केंद्रातून लोहाचे औषध मिळते. त्यामुळे शी काळपट हिरवी होते. हे औषध रंगाला घाबरून बंद करू नये. मात्र लोहाचे औषध चालू नसताना शी डांबरासारखी काळी झाली, तर ते रक्त असू शकते आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवले पाहिजे.

वर्ष-दीड वर्षाच्या मुलांत आणखी एक प्रकार दिसतो. मूल जेवत नाही म्हणून दिवसभर दूध पाजले जाते. त्यामुळे भूक आणखी मरते, शी खड्यासारखी घट्ट होते, अनेक दिवस आतड्यात साचते आणि पादण्याला फार घाण वास येतो. त्यावर उपाय पाचक चूर्णाचा नसून दूध दिवसाला साधारण अर्ध्या लिटरवर आणण्याचा, फळे आणि भाज्या वाढवण्याचा आहे. याउलट खोक्यातील गोड रसांची सवय लागलेल्या मुलाला दिवसातून अनेकदा पातळ शी होते. रस बंद केल्यावर ती बहुधा आपोआप सुधारते.

वास बदलला आणि सोबत आणखी काही बदलले, तर

वासाला खरा अर्थ येतो तो सोबतच्या खुणांमुळे. जुलाबाचा आजार होऊन गेल्यावर काही दिवस शीला शिर्क्यासारखा झोंबरा आंबट वास येतो, ती फेसाळ असते आणि ढुंगणाची त्वचा लाल होते. जुलाबाने आतड्याचे अस्तर दुखावल्यामुळे दुधातील साखर तात्पुरती पचत नाही, हे त्याचे कारण असते. बहुतेक मुलांत एक-दोन आठवड्यांत अस्तर भरून येते. अंगावरचे दूध या काळातही बंद करायचे नसते.

शी तेलकट, फिकट, प्रमाणाने पुष्कळ, धुताना भांड्याला चिकटणारी आणि असह्य वासाची असेल, तर चरबी पचत नाही असा अर्थ होतो. दूषित पाण्यातून येणाऱ्या जिआर्डिया या परजीवीने असे होऊ शकते. गव्हाचा आहार सुरू झाल्यावर काही महिन्यांनी असे होऊ लागले, पोट फुगले आणि वजन थांबले, तर गव्हातील ग्लुटेन न सोसण्याच्या आजाराची तपासणी करावी लागते. अशी शी दोन आठवडे टिकली, तर वजनाची नोंद असलेले लसीकरणाचे कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जावे.

शीत रक्त किंवा आव दिसणे, सोबत ताप आणि कुंथणे, ही आमांशाची लक्षणे आहेत. येथे प्रतिजैविक लागू शकते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचे असते. साध्या पातळ जुलाबांवर प्रतिजैविक बहुधा निरुपयोगी असते. ते आतड्यातील उपकारक जिवाणूंनाही मारते, त्यामुळे वास आणखी बिघडतो आणि जुलाब लांबतात. जुलाब थांबवणाऱ्या मोठ्यांच्या गोळ्या तर लहान मुलांना कधीही देऊ नयेत. त्यांनी आतड्याची हालचाल थांबते, पण आजार आतच राहतो.

दात येण्याने जुलाब होतात, ही समजूत फार जुनी आहे. प्रत्यक्षात दात येण्याच्या वयात मूल रांगते, जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात घालते, आणि त्याच सुमारास आईकडून मिळालेली रोगप्रतिकारक द्रव्ये कमी होत जातात. जुलाब होतात ते जंतूंमुळे. ‘दाताचे आहेत, जातील’ असे म्हणत थांबण्यात धोका आहे.

जेव्हा वास काहीच सांगत नाही

आता दुसरी बाजू पाहू. पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, शी तांदळाच्या धुवणासारखी होते आणि तिला नेहमीचा मलाचा वासच राहत नाही. फार तर किंचित माशासारखा वास येतो. तरीही काही तासांत शरीरातील पाणी संपवणारा हा आजार आहे. लहान मुलांत अधिक आढळणाऱ्या रोटा विषाणूच्या जुलाबातही शी पाण्यासारखी असते. तिचा वास किती घाण आहे, यापेक्षा शरीरातून किती पाणी गेले, हा प्रश्न मोठा असतो.

दुसरे उदाहरण नवजात बाळाचे. जन्मानंतरची कावीळ दोन आठवड्यांहून अधिक टिकली, शी खडूसारखी किंवा पांढुरक्या मातीसारखी फिकट झाली आणि लघवीने लंगोट गडद पिवळा होऊ लागला, तर यकृतातून आतड्यात पित्त उतरत नसल्याची शंका येते. पित्तनलिका बंद असण्याच्या या आजारात बाळ पहिले काही आठवडे गुटगुटीत दिसते, दूध पिते, आणि वासात घाबरण्यासारखे काहीच नसते. जपानचे शल्यचिकित्सक मोरिओ कासाई यांच्या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया यावर केली जाते. ती ६० दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता अधिक असते. पुढे ती घटत जाते. म्हणूनच तैवानमध्ये २००४ पासून प्रत्येक बाळाच्या आरोग्य पुस्तिकेत शीच्या रंगांचे चित्र देतात आणि आईवडील रंग ताडून पाहतात. आपल्याकडे सव्वा महिना बाळ-बाळंतीण घराबाहेर पडत नाहीत. पण पांढुरकी शी दिसल्यास सव्वा महिना पुरा होण्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी बाळ डॉक्टरांना दाखवावे.

तिसरे उदाहरण आतड्याचा एक भाग दुसऱ्या भागात शिरण्याचे. साधारण तीन महिने ते तीन वर्षे या वयातील मूल अचानक कळवळून रडते, पाय पोटाशी घेते, मग थोडा वेळ शांत होते आणि पुन्हा रडते. उलट्या होतात आणि नंतर लाल जेलीसारखी शी होते. येथे तासांचा हिशेब असतो. घरगुती उपायांत वेळ न घालवता मुलाला थेट रुग्णालयात न्यावे.

छावणीने शिकवलेला उपाय

उल्हासनगर मुळात छावणीचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेले सुमारे एक लाख निर्वासित वसवले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून त्या वस्तीला ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. आजही पत्त्यात ‘कॅम्प’ हा शब्द टिकून आहे. छावणी म्हटली की दाटी आली, साठवलेले पाणी आले, आणि त्यामागून जुलाबाचे आजार येण्याची भीती आली.

जुलाबावरील आजचा सर्वांत मोठा उपाय अशाच एका छावणीत सिद्ध झाला. १९७१ साली बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते तोंडावाटे पाजण्याचा निर्णय घेतला. रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला शिकवले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. आज आपण ज्याला ‘ओआरएस’ म्हणतो ते हेच.

त्यामागील तत्त्व असे की ग्लुकोज आतड्याच्या पेशींत शिरताना मिठातील सोडियम सोबत नेते आणि त्यांच्यामागे पाणी ओढले जाते. जुलाब चालू असतानाही हा मार्ग उघडा राहतो. पण साखर प्रमाणाबाहेर झाली तर उलट शरीरातील पाणीच आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. म्हणून गोड शीतपेये चालत नाहीत. खोक्यात मिळणाऱ्या काही पेयांच्या नावात ‘ओआरएस’ ही अक्षरे असत. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खाद्यपेयांच्या नावांत ती वापरण्यास मनाई केली. ज्यांचे किराण्याचे किंवा औषधाचे दुकान आहे, त्यांनी ग्राहकाला हा फरक आपणहून सांगितला, तर ती मोठीच सेवा ठरेल.

मोठी पुडी उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावी आणि ते पाणी २४ तासांत संपवावे, उरल्यास टाकावे. अर्धी पुडी अंदाजाने घालू नये. पुडी मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा, छोट्या चहाच्या चमच्याने मोजून घालावा. दोन वर्षांच्या आतील मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर, वाटी-चमच्याने हळूहळू द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने जस्ताची गोळी १४ दिवस द्यावी. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, त्यावरील मुलाला २० मिलिग्रॅम. जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करावेत. अंगावरचे दूध आणि नेहमीचा मऊ आहार चालूच ठेवावा. पोटाला विश्रांती म्हणून उपाशी ठेवलेले मूल अधिक अशक्त होते. दोन महिन्यांच्या आतील बाळाला जुलाब झाले, तर घरी उपचार न करता डॉक्टरांकडेच जावे.

रोग येऊ नये म्हणून

शहरात अनेक घरांत ठरावीक वेळी येणारे पाणी पिंपात साठवावे लागते. पाणी गाळून आणि उकळून पिण्याची जैन घरांतील शिस्त येथे फार उपयोगी पडते. मात्र नुसत्या गाळण्याने जंतू जात नाहीत. पाणी खळखळून उकळावे लागते आणि नंतर झाकून, लांब दांड्याच्या पळीने घ्यावे लागते. उकळलेल्या पाण्यात हात बुडाला तर सारे श्रम वाया जातात. दुधाची बाटली स्वच्छ ठेवणे अवघड असते. त्यापेक्षा वाटी-चमचा किंवा जुन्या पद्धतीचे बोंडले बरे.

बाळाची शी निरुपद्रवी असते, हा गैरसमज आहे. तिच्यातही मोठ्यांच्या शीइतकेच जंतू असू शकतात. ती शौचकूपात टाकावी, हात साबणाने धुवावेत आणि मगच स्वयंपाकाला लागावे. डायपर कागदात गुंडाळून वेगळा द्यावा. शहरातून वाहणाऱ्या वालधुनीत किंवा गल्लीतील नाल्यात तो टाकू नये. रोटा विषाणूची लस महाराष्ट्रात २०१९ पासून सरकारी लसीकरणात मोफत मिळते. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या वयाला ती तोंडावाटे देतात.

डॉक्टरांकडे केव्हा आणि काय सांगावे

मूल मलूल झाले, डोळे किंवा टाळू खोल गेली, सहा तास लघवी झाली नाही, पोटाची त्वचा चिमटीत धरून सोडल्यावर हळू पूर्ववत झाली, काहीही पिईनासे झाले, पुन्हा पुन्हा उलट्या होऊ लागल्या, शीत रक्त दिसले किंवा शी पांढुरकी झाली, तर वास कसा आहे याची चर्चा थांबवून निघावे. रात्र असली तरी निघावे. शहरातील शासकीय मध्यवर्ती रुग्णालय आहे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

व्यापारी घरात रोजच्या व्यवहाराची नोंद ठेवण्याची सवय असतेच. मूल आजारी असताना एक साधी वही ठेवावी. तीत वेळ, शीचा रंग, घट्टपणा, वास, लघवी, ताप, काय खाल्ले आणि कोणते औषध दिले, एवढे लिहावे. दुपट्याचे किंवा डायपरचे छायाचित्र मोबाइलवर काढून ठेवण्यात संकोच करू नये. एकत्र कुटुंबात आई, आजी आणि काकू आळीपाळीने बाळ सांभाळतात. प्रत्येकीने वेगळे सांगितले की डॉक्टरांचा गोंधळ होतो, आणि रात्री जागलेल्या आईला नेमके आठवतही नाही. वहीतील चार ओळी पाहून डॉक्टर पाच मिनिटांत ठरवू शकतात की मुलाला घरी ओआरएस पुरेल, की रुग्णालयात ठेवावे लागेल.